बक्षीसपात्र कात्री

शाळेत तिला सगळे शिवणबाई म्हणत, आणि शिवण शिकवणं बंद होऊन सतरा वर्षं झाली तरी म्हणत. एका वर्षी शाळा उघडली तेव्हा वेळापत्रकातून शिवणाचा तास गायब होता. मुलांनी यापुढे काळाबरोबर चालायचं आहे, असा वरून आदेश होता, आणि काळाला शिवणयंत्राशी काही देणंघेणं नसावं. आठ यंत्रं ताडपत्रीखाली गेली. कात्र्या, सुया, गजपट्ट्या 'सुरक्षिततेसाठी' हेडसरांच्या ताब्यात गेल्या. उरली बाई. तिला ताडपत्रीखाली घालता येईना. ही फारशी बोलत नाही, ग्रंथालयातही बोलायचं नसतं, तेव्हा जागा जमते, असा हेडसरांनी हिशेब केला आणि ती ग्रंथपाल झाली.

ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची लांबट खोली, डोक्यावर चारशे मुलांच्या पायांचा दणदणाट. पाच लोखंडी कपाटं, पाचही कुलूपबंद, किल्ल्या हेडसरांच्या खिशात. "नऊ वर्षांत एकही पुस्तक हरवलेलं नाही," असं ते छाती काढून सांगत, आणि ते अगदी खरं होतं. तिनं नोंदवही उघडून पाहिली. आदल्या वर्षी अकरा पुस्तकं बाहेर गेली होती. नऊ हेडसरांच्या घरी, एक डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली, आणि एका पुस्तकापुढे शेरा होता, 'शोध चालू'. शोध चालू म्हणजे हरवलं असं नव्हे.

तिचा नवरा टाइपरायटर दुरुस्त करायचा. त्याचं दुकान तिच्या तासाच्या दोन वर्षं आधीच बंद पडलं होतं, त्यामुळे या बाबतीत तो तिला सीनियर होता. "आपल्याला कुणी काढून टाकत नाही गं," तो म्हणाला, "नुसतं झाकून ठेवतात. तू झाकून घेऊ नकोस, एवढं बघ."

तिनं पोस्टानं ग्रंथालयाचा अभ्यासक्रम केला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी, परीक्षेला बसलेल्या पोरींमध्ये आईसारखी दिसत, पास झाली. मग ती हेडसरांकडे गेली आणि म्हणाली, "सर, कपाटातून बारीक आवाज येतो. वाळवी असावी. अहवाल लिहू का?" हेडसरांना वाळवीपेक्षा अहवालाची भीती जास्त. त्यांनी किल्ल्या काढून दिल्या आणि पुन्हा कधी मागितल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाचही कपाटं उघडी होती.

आता शाळेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर शहराचं सार्वजनिक वाचनालय होतं. तिथल्या ग्रंथपालांना लोक चिठ्ठीमास्तर म्हणत, कारण ते बोलत कमी आणि चिठ्ठ्या जास्त लिहीत. पंख्याखाली चिठ्ठी: 'वेग वाढवू नये.' खिडकीजवळ: 'खोकल्यासाठी गच्ची वापरावी.' एका पुस्तकाच्या समासात कुणीतरी मत मांडलं होतं, तिथं चिकटवलेली: 'पेन्सिलीने लिहिणाऱ्याचा निष्कर्ष चुकीचा आहे.' शिवणबाईच्या मते या गृहस्थांनी वाचनालयाचं वस्तुसंग्रहालय केलं होतं. चिठ्ठीमास्तरांच्या मते शाळा हा पुस्तकं फाडण्याचा कारखाना होता. दोघांनी ही मतं बारा वर्षं एकमेकांना न भेटता नीट जपली.

भेट घडवली ती प्रकल्पांनी. सहामाही झाली की शाळेत प्रकल्पांची साथ येई. विज्ञानाचे सर फळ्यावर विषय लिहीत, आणि त्याच संध्याकाळी चाळीस मुलं वाचनालयाच्या काउंटरवर 'ज्वालामुखी द्या' म्हणत आदळत. ज्वालामुखी एकच होता. मग मुलं जात, आयाबाप येत आणि बराच वेळ वाचनकक्षाच्या कोपऱ्यात बसत. बाराव्या वर्षी हंगाम संपल्यावर शाळेत पत्र आलं:

'आपल्या विद्यार्थ्यांनी सचित्र ज्ञानकोशाच्या सहा खंडांतून एकंदर सदतीस चित्रे कापून नेली आहेत. देवमासा, ज्वालामुखी, मानवी हृदय व शनी हे विषय आमच्या वाचकांना यापुढे उपलब्ध नाहीत.'

हेडसरांनी त्यावर हिरव्या शाईनं लिहिलं, 'ग्रंथपालांनी खुलासा करावा.' जणू शनी तिच्याच पर्समध्ये होता.

ती तडक वाचनालयात गेली. चिठ्ठीमास्तर काउंटरमागे उभे होते, तोंडावर सुतकी कळा.

"तुमच्या मुलांनी..." त्यांनी सुरुवात केली.

"मला एकच मुलगी आहे आणि ती परगावी नोकरी करते. खंड दाखवा."

त्यांनी खंड मांडले. तिनं चष्मा चढवला आणि मानवी हृदयाच्या जागी जी खिडकी पडली होती तिच्या कडेवरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"हे मुलांचं काम नाही."

"कशावरून?"

"मुलं कात्री करवतीसारखी चालवतात. थांबत, दात ओठ खात. इथं बघा, हृदयाचं वळण एका दमात घेतलंय. हा हात वीस वर्षं कापड बेतलेला आहे." तिनं दुसरा खंड ओढला. देवमासा दोन पानांवर पसरलेला होता. आता तिथं देवमाशाच्या आकाराचं भोक होतं, आणि त्याच्या सगळ्या कडेला बारीक नागमोडी दात. शिवणबाईनं एका दातावर नख टेकवलं.

"ही नागमोडी धारेची कात्री. कापडाचे दोरे निघू नयेत म्हणून वापरतात. इथल्या शिंप्यांकडेसुद्धा नाही. मी शाळेसाठी एक मागवली होती."

"मग ती आता कुठे आहे?"

"सुरक्षित आहे," ती म्हणाली. "गुरुवारी शाळेत प्रकल्पांचं प्रदर्शन आहे. तुम्ही या. हे सगळे खंड घेऊन या."

चिठ्ठीमास्तरांनी खिशातून कागद काढला, त्यावर 'येतो' असं लिहिलं आणि तिच्या हातात दिलं.

प्रदर्शन सभागृहात होतं. एकशे बारा प्रकल्प, सगळे चकाकणारे. थर्माकोल, चमकी, सोनेरी कागद, आणि मधोमध चित्रं. ज्या वर्गातल्या निम्म्या मुलांना सरळ रेघ मारता येत नव्हती त्यांनी लग्नपत्रिकेसारखी अक्षरं काढली होती. प्रत्येक प्रकल्पामागे एक मूल उभं होतं, आपण कशामागे उभे आहोत याची फारशी कल्पना नसलेलं.

चिठ्ठीमास्तर दोन पिशव्या घेऊन आले आणि पहिल्या टेबलापासून लागले. शनीपाशी थांबले, खंड चार काढला, भोकातून शनी पाहिला. तंतोतंत बसला. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि प्रकल्पाच्या कोपऱ्यात चिकटवली: 'मूळ: खंड चार, पान दोनशे अठरा.' मग ज्वालामुखी, मग हृदय. मुलं त्यांना परीक्षक समजून सरळ उभी राहत होती.

तासाभरानं शिक्षणाधिकारी आले. हेडसर शेजारून, थोडे पुढे झुकून चालत होते. अधिकाऱ्यांनी दुसऱ्या टेबलावर वाकून चिठ्ठी वाचली, तिसऱ्यावरही वाचली.

"अरे वा," ते म्हणाले, "मुलांनी संदर्भ दिलेत. खंड, पानासकट. असं कुठल्याच शाळेत बघितलं नाही."

"आमचा पहिल्यापासून आग्रह असतो," हेडसर म्हणाले. चिठ्ठ्या त्यांनी आत्ता पहिल्यांदा पाहिल्या होत्या.

असे कौतुक करत दोघे पहिल्या बक्षिसापाशी पोचले. 'सागरी जीवन', इयत्ता सहावी, हेडसरांची नात. निळा मखमली कागद, वर भला थोरला देवमासा. टेबलाच्या अलीकडे चिठ्ठीमास्तर उभे, हातात उघडा खंड, खंडात भोक.

"हे काय आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"देवमासा इथून गेला," चिठ्ठीमास्तर म्हणाले. "त्याची ही जागा."

अधिकाऱ्यांनी भोकाकडे पाहिलं, मग मखमलीवरच्या माशाकडे. कडेचे दात दोन्हीकडे सारखे होते. ते नातीकडे वळले. "बाळ, हा कुणी कापला?"

"आजीनं," नात सरळ म्हणाली. "मला ती कात्री देत नाहीत. हात कापेल म्हणतात."

"मग तू काय केलंस?"

मुलीनं थोडा विचार केला. "मी नाव लिहिलं."

सभागृहात कुणी हसलं नाही, कारण हसायचं की नाही ते हेडसरांच्या चेहऱ्यावरून ठरायचं आणि त्या चेहऱ्यावर काहीच वाचता येत नव्हतं. "साहेब," हेडसर म्हणाले, "चहा थंड होतोय." साहेबांना चहाची एकदम तहान लागली. ते गेले.

रीतसर चौकशी समिती बसली. तीन सदस्य, एक बैठक. निष्कर्ष निघाला की खंड जुने असल्यामुळे चित्रं आपोआप सैल झाली असावीत. देवमासा नागमोडी कसा सैल झाला, हा प्रश्न समितीच्या कक्षेत येत नव्हता. बक्षीस कायम राहिलं. सोमवारी सकाळी शिवणबाईच्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली कात्री होती, सोबत एक अक्षर नाही.

वाचनालयाच्या मंडळानंही आपली अक्कल चालवली: या शाळेच्या मुलांना प्रवेशबंदी. ही बातमी द्यायला चिठ्ठीमास्तर स्वतः जिन्याखालच्या खोलीत आले, आणि नवल म्हणजे तोंडानं बोलले.

"बंदीला अर्थ नाही. मुलं थांबतील. आया थांबणार नाहीत, आणि कात्र्या आयांकडे आहेत."

"चूक प्रकल्पाची आहे," शिवणबाई म्हणाली. "चाळीस मुलांना एक विषय, आणि मार्क चमकीला. मुलानं पुस्तक उघडायचं कारणच नाही. आपण दोघांनी मिळून काहीतरी करायला हवं."

"मिळून म्हणजे?" चिठ्ठीमास्तरांनी हा शब्द संशयानं उच्चारला.

मिळून म्हणजे असं ठरलं: विषय पंधरा दिवस आधी तिनं काढायचे, पुस्तकं त्यांनी वेगळ्या टेबलावर लावायची. मुलानं विषय न आणता प्रश्न आणायचा. नुसता देवमासा नाही. देवमाशाबद्दल काय जाणून घ्यायचंय ते. उत्तर आपल्या शब्दांत, खाली पुस्तक आणि पान, चित्र आपल्या हातानं. गुरुवारी शाळा सुटल्यावर ती वाचनालयात बसणार, शनिवारी ते शाळेत येणार. मंडळाला त्यांनी एवढंच कळवलं की मुलं आता देखरेखीखाली येतात. मंडळाला 'देखरेख' हा शब्द आवडला, बंदी उठली.

विषय मिळवायला ती विज्ञानाच्या सरांकडे गेली.

"आधी सांगू?" सर म्हणाले. "मग मुलं आधीच करून नाही का ठेवणार?"

ती ग्रंथालयात परतली. मग लक्षात आलं की विचारायची गरजच नाही. सरांचे विषय सात वर्षं तेच होते, क्रमसुद्धा तोच. तिनं एका मुलाची जुनी वही काढली आणि यादी चिठ्ठीमास्तरांकडे पोचवली.

दोघांचं जमायला मात्र वेळ लागला. चिठ्ठीमास्तरांना मुलांनी हात धुऊन, रांगेत, न बोलता ज्ञान घ्यायला हवं होतं. मुलं बोलत. शिवणबाई म्हणे, बोलू द्या, प्रश्न तोंडात असतो, तो डोक्यात नंतर जातो. दोन गुरुवार दोघं एकमेकांशी चिठ्ठ्यांनीच भांडले. 'देवमासा सस्तन प्राण्यांतच राहील,' अशी त्यांची चिठ्ठी. 'मुलं त्याला माशांत शोधतात, तिथं निदान पाटी लावा,' अशी तिची. पाटी लागली: 'देवमासा येथे नाही. समोरच्या कपाटात आहे. कारण तिथे कळेल.' मुलं कारण बघायला समोर जाऊ लागली.

पहिल्या शनिवारी ते शाळेत आले तेव्हा दाराजवळच्या खुर्चीवरच बसले. मुलांना ते खरोखरच घाबरत. जिन्याखालच्या खोलीत तीस मुलं दाटीवाटीनं बसलेली, आणि हेडसरांच्या नातीनं हात वर केला.

"समुद्राचं पाणी खारट. मग देवमासा पितो काय?"

चिठ्ठीमास्तर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, लावला. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

त्या इमारतीत मोठ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलेलं नव्हतं. एका मुलानं शिवणबाईकडे पाहिलं, यांना आता शिक्षा होणार का अशा नजरेनं. ती म्हणाली, "मलाही माहीत नाही. चला, कपाट उघडा." पाऊण तास शोधाशोध झाली. तीन पुस्तकं निघाली. त्यांतल्या दोन पुस्तकांत उत्तर होतं आणि ती दोन उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती. घंटा झाली तरी मुलं उठेनात.

वर्षभर असं चाललं. वर्षाअखेर मुलांनी स्वतः केलेले प्रकल्प दिले, आणि सगळ्यांचे मार्क गडगडले.

ते होणारच होतं. विज्ञानाचे सर प्रकल्प हातात घेऊन वजनाचा अंदाज घेत, मग तिरका धरून चमक बघत. यंदाचे प्रकल्प पातळ होते, कुठे खोडलेलं, कुठे शाईचा डाग. वीसपैकी नऊ, शेरा: 'आकर्षकता नाही.' दुसऱ्याच दिवशी हेडसरांच्या खोलीत सात आया आणि दोन बाप. शिवणबाईला बोलावणं गेलं.

सर्वांत चिडलेल्या आईनं टेबलावर प्रकल्प आपटला. "गेल्या वर्षी मला दुसरं बक्षीस होतं. आणि यंदा नऊ मार्क?"

"कुणाला?" शिवणबाईनं विचारलं.

"मला. म्हणजे तिला." आई लाल झाली. बाकीच्या आया खिडकीबाहेर बघू लागल्या.

हेडसरांनी घसा साफ केला. "बाई, हे तुमचं वाचनालय-बिचनालय आता बंद करा. पालकांची नाराजी परवडत नाही."

"बरं," ती शांतपणे म्हणाली. "तेवढं लेखी द्या. 'विद्यार्थ्यांनी प्रकल्प स्वतः करू नयेत.' खाली सही, शिक्का."

हेडसरांनी पेन उचललं. पेनाकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. मग पेनाला टोपण घातलं आणि पालकांना म्हणाले की विषय गंभीर आहे, विचार करावा लागेल. विचार ते अजून करताहेत. गुरुवार चालू राहिला.

पुढच्या वर्षी तेच शिक्षणाधिकारी अचानक भेटीला आले. अचानक भेटीचं पत्र आठ दिवस आधी आलं होतं, त्यामुळे भिंती रंगवून झाल्या होत्या. त्यांनी नातीला बरोबर ओळखलं. तिच्या वहीत या खेपेलाही देवमासा होता, तिनं स्वतः काढलेला, फुगलेल्या उशीसारखा.

"यात आजीनं काय केलं?" त्यांनी मिश्कीलपणे विचारलं.

"काही नाही. मी तिला म्हटलं, तू तुझं कर."

मग ती बोलायला लागली. देवमाशाला पाणी बहुतेक खाण्यातूनच मिळतं, हे कुठल्या पुस्तकात आहे, कुठल्या पानावर. "पण दुसऱ्या एका पुस्तकात म्हटलंय, थोडं समुद्राचंही पितो. कुठलं खरं ते आम्हाला अजून सापडलं नाही."

अधिकाऱ्यांची नोकरी बावीस वर्षं झाली होती. 'अजून सापडलं नाही' हे उत्तर त्यांना कुठल्या शाळेत मिळालं नव्हतं. त्यांनी शेरेबुकात लिहिलं: 'स्तुत्य उपक्रम. सर्वत्र राबवावा.'

इथून पुढे त्या उपक्रमाच्या जिवाला खरा धोका सुरू झाला. महिनाभरात 'शाळा-वाचनालय सहयोग योजना' जन्माला आली. तिच्या समितीत अकरा जण: हेडसर अध्यक्ष, विज्ञानाचे सर सचिव, बाकी कोण कोण. शाळेच्या ग्रंथपाल नाहीत, वाचनालयाचे ग्रंथपाल नाहीत. एक चौदा रकान्यांचा फॉर्म निघाला. मुलानं प्रश्न विचारण्याआधी तो तीन प्रतींत भरायचा होता. चौदावा रकाना होता, 'प्रश्नाचे अपेक्षित उत्तर'. शिवणबाईनं ते गठ्ठे घेतले, पाठीमागची कोरी बाजू मुलांना चित्रं काढायला दिली, आणि महिन्याच्या शेवटी समितीला कळवलं की सर्व फॉर्म वापरले गेले. समिती खूश झाली.

उद्घाटनाला त्या दोघांनाही निमंत्रण होतं, खुर्च्या मांडायला. त्यांनी मांडल्या आणि शेवटच्या रांगेत बसले. हेडसर वाचनाच्या महत्त्वावर बोलायला उभे राहिले. आपल्याला ही कल्पना कशी सुचली, ते सांगताना त्यांचा आवाज भरून आला. मुलं उन्हात, मांडी घालून. पस्तिसाव्या मिनिटाला चिठ्ठीमास्तरांनी शिवणबाईच्या हातात कागद सरकवला: 'आज गुरुवार. मुंग्यांवाल्या तीन मुली थांबल्या असतील.'

दोघं मागच्या दारानं बाहेर पडले. वाटेत ते तिला म्हणाले नाहीत की आपल्याला डावललं, आणि तीही म्हणाली नाही. बोलणं झालं ते मुंग्यांचं पुस्तक बांधणीला गेलंय का, यावर.

वाचनालयात मुली थांबल्या होत्या. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक जण अवघडून बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. दुसऱ्या बक्षिसाची आई.

"मुलगी आता मला हात लावू देत नाही," ती शिवणबाईला म्हणाली. "म्हणते, आई तू बिघडवतेस. दुपारी मला काही कामच उरलं नाही." तिनं पर्स टेबलावर ठेवली. "इतकी वर्षं मी ती चित्रं कापली. शेजारी काय लिहिलंय ते कधी वाचलंच नाही. हृदयाचं कुठलं पुस्तक आहे का, मला समजेल असं?"

शिवणबाई कपाटाकडे गेली. चिठ्ठीमास्तरांनी सभासदत्वाचा अर्ज पुढे केला, पण तो हातात देण्याआधी जरा रेंगाळले.

"पर्समध्ये काय आहे?" त्यांनी विचारलं.

तिनं न रागावता पर्स उघडून दाखवली. रुमाल, किल्ल्या, कंगवा. त्यांनी अर्ज दिला.

ती वाचत बसली, बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत. पान उलटताना बोटाला थुंकी लावत होती. चिठ्ठीमास्तरांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं, तर शिवणबाईनं त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं.

योजनेच्या समितीची त्यानंतर बैठक झाली नाही, आणि शाळेला योजनेबद्दल ढाल मिळाली. ती हेडसरांच्या खोलीत आहे. विज्ञानाचे सर अजून तेच विषय देतात. शिवणबाईची नोकरीची दीड वर्षं राहिलीत. परवाच्या गुरुवारी बावीस मुलं आणि चार आया आल्या होत्या, खुर्च्या कमी पडल्या, म्हणून तिनं आणि चिठ्ठीमास्तरांनी वाचनालयाच्या मंडळाच्या बैठकीची खोली उघडली आणि तिथल्या गादीच्या खुर्च्या बाहेर आणल्या.